मोडायचा राहिलेला डाव

बंधू अत्तोने हा लाकडी पिंपं बांधणाऱ्याचा मुलगा. फळ्या कितीही देखण्या बसल्या, तरी पाणी भरून पाहिल्याशिवाय त्याचा बाप पिंप विकत नसे. आमच्या ख्रिस्ती मठात आल्यावर अत्तोने वाक्यांचं तेच करायचा. कुणी काही बोललं की त्यात पाणी भरून बघायचा.

"दार लावलंस का?" तो द्वारपालाला विचारी.

"लावलं."

"लावलंस, की लावलं असं तुला वाटतं?"

"जाऊन बघा ना, गुरुजी. देवाने पाय दिलेत."

यावर सगळ्यांच्या आधी अत्तोनेच हसायचा.

डोंगराखालच्या या मठात तो तरुण बंधूंना तर्क शिकवी. त्यात रानुच्चो त्याचा लाडका. हिवाळ्यात रानुच्चोला खोकला झाला, तेव्हा अत्तोनेने आपला जाड झगा त्याला दिला आणि स्वतः पातळ झग्यात कुडकुडत शिकवलं. "माझ्यानंतर या जागेवर हाच," असं तो उघड म्हणायचा. रानुच्चो मान खाली घालून ऐकायचा. त्याला तोवर थांबायचं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी वादसभा असे. तिथे एक डाव खेळायचे. एकाने कुठलंही वाक्य मांडायचं, खरं वा खोटं. दुसऱ्याने ते खरं धरून चालायचं. मग पुढच्या प्रत्येक प्रश्नाला फक्त "मान्य" किंवा "अमान्य". धरलेल्या वाक्यातून जे निघेल ते पटो न पटो, मान्य करावं लागे. मांडणारा "वेळ संपली" म्हणाला की डाव मोडला. मग दोघं माणसांसारखं बोलायला मोकळे. त्याआधी बोललेलं कुणाचंच मत धरलं जात नसे. हे सगळं रानुच्चोला अत्तोनेनेच शिकवलं होतं.

त्या वर्षी मठाने धान्याचं कोठार बांधलं. आम्ही भिक्षेवर जगणारे, उद्याची भाकरी आज ठेवायची नाही असा आमचा मूळ नियम. कोठारावरून आमच्या संघात फूट पडली होती. त्याला पाप म्हणणाऱ्या काही बंधूंना साखळ्या पडल्या होत्या. आणि त्या शनिवारी रानुच्चो उठून म्हणाला, "कोठार बांधणं पाप आहे."

सभेत कुजबुज झाली. अत्तोनेचे डोळे मात्र चमकले. "अवघड दिलंस. धरलं."

"मग ज्यांनी बांधलं त्यांनी पाप केलं?"

"मान्य."

"संघाच्या ज्या प्रांतप्रमुखांनी परवानगी दिली, त्यांनीही?"

"मान्य."

"पोपमहाराजांनी ती कायम केली. त्यांनीही?"

अत्तोने थांबला. बाहेर पडायला फट दिसत नव्हती, आणि त्याचाच त्याला आनंद झालेला मी पाहिला. शिष्याने फळ्या घट्ट बसवल्या होत्या. "मान्य," तो म्हणाला.

प्रार्थनेची घंटा झाली आणि सगळे उठले. रानुच्चो "वेळ संपली" म्हणाला नाही. घाईत राहिलं असेल, असं मला वाटलं.

पुढच्या महिन्यात पोपमहाराजांचे तपासनीस आले. कोणीतरी त्यांना सगळं कळवलं होतं. त्यांनी अत्तोनेला सर्वांसमोर उभं केलं.

"कोठार पाप आहे असं तू म्हणालास?"

"डावात म्हणालो."

"बरं. मग आता डावाबाहेर सांग. पाप आहे का?"

"तो डाव अजून मोडलेला नाही. ज्याने मांडला त्याने मोडायचा असतो."

"मी मोडतो."

"तुम्हाला नाही येणार, महाराज."

मागे कुणीतरी खुसखुसलं. तपासनीस रानुच्चोकडे वळले. "तू मोडलास का?"

"नाही, महाराज."

"आता मोडतोस?"

रानुच्चो आपल्या चपलांकडे बघत होता. अंगावर तोच जाड झगा होता.

"उत्तर दे," तपासनीस अत्तोनेला म्हणाले. "कोठार पाप आहे?"

अत्तोने शिष्याकडे वळला. "म्हण रे," तो इतकंच म्हणाला, जेवणाच्या टेबलावर मीठ मागावं तसा. आणि रानुच्चो लगेच "वेळ संपली" म्हणेलच अशा खात्रीने, नियमाप्रमाणे, त्याने उत्तर दिलं. "मान्य."

रानुच्चो बोलला नाही.

अत्तोनेची शिकवणी काढून घेतली आणि त्याला डोंगरावरच्या मठात पाठवलं. माझ्या छातीला वरची हवा बरी, म्हणून काही वर्षांनी मीही तिथे स्वयंपाकाला गेलो. अत्तोने चेस्टनटची डोंगरी फळं धुरावर सुकवायचा, सोलायचा, भाकरीसाठी दळायचा. तर्काचा शब्द काढत नसे. एकदा मी म्हणालो, "पाप नाही असं सांगून सुटला असतास."

"सुटलो असतो," तो म्हणाला. "मग रानुच्चोने मला सोडवलं असतं की नाही, हे कधी कळलं असतं?"

खाली रानुच्चो अत्तोनेच्या जागेवर बसला. पुढे प्रांतप्रमुख झाला. अत्तोनेचे केस पिकल्यावर एका शरदात रानुच्चो दोन सोबत्यांना घेऊन वर आला. मी चेस्टनटची भाकरी वाढली.

"गुरुजी, खाली चला. शिकवायला धड माणूस नाही."

"आधी डाव मोड."

रानुच्चो घास चावत होता. "अजून तेच? बरं. वेळ संपली. झालं?"

अत्तोने त्याच्याकडे बघत राहिला. इतकं सोपं होतं ते. तोंडात घास असतानाही म्हणता येण्यासारखं.

"मग आता माझं ऐक," तो म्हणाला. "कोठार बांधणं पाप नव्हतं. मला कधीच तसं वाटलं नाही. उघड्यावर धान्याला उंदीर लागतात."

रानुच्चोने हात पुसले आणि दाराशी उभ्या सोबत्यांना सांगितलं, "ऐकलंत? बंधू अत्तोने यांनी आपलं मत मागे घेतलं."

"मागे नाही घेतलं. ते माझं नव्हतंच. तुझं होतं."

"आता त्याने काय फरक पडतो, गुरुजी? तुम्ही मोकळे झालात."

"मी नाही," अत्तोने म्हणाला. "तू झालास."

तो खाली गेला नाही. रानुच्चो उतरून गेल्यावर सोलायची टोपली त्याने पुढे ओढली. दोन हिवाळ्यांनी तो वारला.

खालच्या मठात दरवर्षी मृतांची नावं वाचतात. त्याच्या नावापुढे एक वाक्य येतं: यांनी आपली चूक कबूल केली व क्षमा मिळवली. वाचणारा बंधू कुणीतरी नवा असतो, आवाज स्वच्छ असतो. त्या वाक्यात कुठेच फट दिसत नाही.