चेंडू खाली पडता कामा नये

दिगू पाठारे गेला हे कळलं तेव्हा मी इथे सिंगापूरला, ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊगल्लीत, काडीवर भाजलेल्या मटणाचं साटे खात बसलो होतो, आणि फोनवर त्याच्या बायकोला मी चक्क म्हणालो, "वहिनी, परत?" माणूस गेल्याच्या फोनवर असं कुणी बोलत नाही. पण दिगूच्या बाबतीत त्याला आधार होता. मागे एकदा पुण्यात भलताच कुणी दिगंबर पाठारे वारला आणि इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर सकाळपासून श्रद्धांजल्यांचा पूर आला. कुणी हात जोडले, कुणी मेणबत्ती लावली, एकाने तर चार कडव्यांची कविता केली... दुपारी खुद्द दिगूने त्याखाली लिहिलं, "सर्वांचे आभार. जिवंतपणी माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. आत्ता जेवतोय, कविता नंतर वाचतो." या वेळी मात्र सुनंदावहिनी शांतपणे म्हणाल्या, "नाही भाऊजी. या वेळी खरंच." समोरचं साटे गार होत गेलं.

आता पुढे सांगतो त्यातलं निम्मं खरं आहे आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे. दिगू मूळचा नाशिकचा. उंची म्हणाल तर अशी, की तो कोर्टावर उतरला की समोरच्या संघाला वाटायचं, यांचा एक खेळाडू अजून यायचाय. पण तो गार्ड होता. बास्केटबॉलमधला गार्ड म्हणजे पहारेकरी नव्हे. चेंडू आपटत, म्हणजे टप्पे देत, तो पुढे न्यायचा आणि कुणाच्या हातात कधी द्यायचा हे ठरवायचं, ते त्याचं काम. थोडक्यात पंगतीतला वाढपी. स्वतः उपाशी राहिला तरी चालेल, पण पानं भरलेली हवीत. आणि दिगूचा टप्पा! चेंडू आणि जमीन यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी सरकली नसती इतका खाली. एकदा त्याने एका धिप्पाड गड्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला आणि मागोमाग स्वतःही निघाला, असं मी सगळ्यांना सांगत असे. दिगू म्हणायचा, "अरे, मी नाही गेलो, फक्त चेंडू गेला." मी म्हणायचो, "तुझ्या लक्षात नाही. तू घाईत होतास."

त्या काळी आपल्याकडे चांगल्या खेळाडूला एखादी कंपनी नोकरी द्यायची. दुपारपर्यंत फायली, मग मैदान. नुसतं खेळण्याचा पगार, ही कल्पनाच कुणी केली नव्हती. इथल्या एका क्लबने ती केली, कुठल्याशा स्पर्धेत दिगूला पाहिलं आणि बोलावून घेतलं. वडिलांनी विचारलं, "तिकडे काम काय?" हा म्हणाला, "खेळायचं." "ते झालंच रे, पण काम?" शेवटपर्यंत ते नातेवाइकांना सांगत राहिले, मुलगा सिंगापूरला हिशेबनीस आहे. क्लबच्या कोचने तर त्याला विमानतळावर पाहिलं आणि त्याच्या मागे कुणी उंच माणूस येतोय का ते शोधायला लागला. "यू व्हेरी स्मॉल," कोच म्हणाला. दिगू म्हणाला, "बॉल ऑल्सो स्मॉल, कोच." पहिले काही सामने त्याला बाकावरच बसवलं होतं. तिथे बसून त्याने आपल्या संघातला प्रत्येक जण कुठल्या हाताने आधी चेंडू मागतो ते पाठ करून टाकलं. मग एका गार्डचा पाय मुरगळला, दिगू आत गेला, आणि बाहेर आलाच नाही. उंच उंच पोरांना चेंडू नेमका हवा तिथे, हवा तेव्हा मिळू लागला. मी नुकताच इथे बँकेत लागलो होतो, क्वीन्सटाउनला एका खोलीत आम्ही दोघं भाड्याने राहत होतो. सामना पाहायला मी ऑफिसचा अख्खा मजला घेऊन जायचो. बरं, अर्धा मजला. बरं, दोघं तिघं.

ते पगारी बास्केटबॉल काही फार टिकलं नाही. प्रेक्षक आटले, क्लबने हात वर केले, त्यातच दिगूचा गुडघा गेला. सगळे म्हणाले, आता नाशिक गाठ. तो म्हणाला, "चेंडू माझ्या हातात असताना मी कोर्ट सोडत नाही." मी म्हटलं, "गाढवा, चेंडू कुठाय तुझ्या हातात?" "शोधतो," म्हणाला. शोधला त्याने. शाळांमधून कोच झाला, लग्न झालं, रेवा झाली, इथलाच नागरिक झाला आणि क्वीन्सटाउनलाच फ्लॅट घेतला. कशासाठी? तर ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, बास्केटबॉलची रिंग होती म्हणून. वहिनींनी आधी स्वयंपाकघर पाहिलं होतं. ते त्याने फ्लॅट घेतल्यावर पाहिलं. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी तो खाली, आणि भोवती ब्लॉकमधली पोरंपोरी. चिनी, मलय, तमिळ, आपली... सगळ्यांचा दिगू अंकल.

आणि मग गेल्या वर्षी ती रिंगच काढायची भाषा सुरू झाली.

तक्रार दुसऱ्या मजल्यावरच्या लिम आंटीची होती. त्या हॉकर सेंटरमध्ये सकाळचं पॉरिज, म्हणजे तांदळाची पेज, विकतात. सगळं जग झोपेत असताना त्या उठतात, म्हणून दिवेलागणीलाच झोपतात. आणि नेमकी तेव्हा खाली धप्... धप्... धप्. वसाहतीची देखभाल करणाऱ्या एस्टेट ऑफिसचा माणूस येऊन सांगून गेला की महिनाभर पाहू, आवाज थांबला नाही तर रिंग उतरवू. दिगू वहिनींच्या शंकरपाळ्यांचा डबा घेऊन वर गेला. आंटींनी दारातच एक शंकरपाळा खाल्ला आणि म्हणाल्या, "अंकल, युअर बिस्किट व्हेरी नाइस. बट बॉल स्टिल नॉइझी, लाह."

दुसरा कुणी असता तर सह्या गोळा करत फिरला असता. मी तर त्याच तयारीत होतो. दिगूने आंटींना विचारलं, "मी तुमच्या खोलीत बसून ऐकू का?" त्या चकित झाल्या, पण त्यांनी खुर्ची दिली. खाली पोरं खेळत होती आणि हा माणूस, ज्याने आयुष्यभर त्या आवाजावर पोट भरलं, वर खिडकीशी बसून तो ऐकत राहिला. खाली आला तेव्हा चेहरा उतरला होता. "ती बाई बरोबर आहे," म्हणाला. "डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं रे." मी म्हटलं, "म्हणजे सोडून देतोस?" माझ्याकडे त्याने असं पाहिलं, की पुन्हा तो शब्द मी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नियम काढला. संध्याकाळी टप्पा बंद. चेंडू जमिनीला लागला की समोरच्यांचा. पोरांनी गिल्ला केला. "अंकल, नो ड्रिबल, देन हाउ टू प्ले?" "पास," दिगू म्हणाला. एवढंच नाही, बास्केट झाल्यावर जाळीतून पडणारा चेंडूही खाली आपटता कामा नये. त्यासाठी रिंगखाली एक झेलणारा. ओरडायचं नाही, खुणा करायच्या. विचार करा, टप्प्यावर ज्याचं नाव झालं त्या माणसाने टप्पाच काढून टाकला! पहिले काही दिवस खेळ म्हणजे नुसता गोंधळ होता. चेंडू सारखा सुटायचा, पोरं चिडायची, दोघं तर रागावून घरी गेली. दिगू रिंगखाली उभा, गुडघ्याला पट्टा, हात पसरलेले. "कॅन," म्हणायचा, म्हणजे जमेल. "अगेन." तीच पोरं परत आली. हळूहळू पोरं एकमेकांकडे बघायला शिकली, कारण न बघता पास देताच येत नव्हता. खेळ असा सुसाट झाला की शपथेवर सांगतो, कबुतरं थांबून बघायची. आणि सगळं मूकपटासारखं. नुसती बुटांची चरचर, आणि जाळीची ती एक बारीक सळसळ.

महिना संपत आला आणि दिगूच्या छातीत पाणी साठलं. एस्टेट ऑफिसच्या तपासणीच्या दिवशी तो हॉस्पिटलात. "मला तिथे न्या," असा त्याने हट्ट धरला. नर्स नाही म्हणाली, तर "मग रेवाला पाठवा" म्हणाला. रेवा धावत गेली. संध्याकाळी पोरं खेळायला लागली, ऑफिसचा माणूस येऊन उभा राहिला, कान देऊन. त्याला काही ऐकू येईना. शेवटी खात्री करायला तो दुसऱ्या मजल्यावर गेला आणि लिम आंटींचं दार वाजवलं. उत्तर नाही. त्याने आणखी जोरात वाजवलं. दार उघडलं, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, आणि आंटी त्याच्यावर जे तुटून पडल्या... "आय स्लीपिंग! हू आस्क यू? एव्हरीबडी क्वायट, ओन्ली यू नॉइझी!" 

रेवाने हे सगळं बाबाला पलंगापाशी उभं राहून करून दाखवलं, आंटींच्या आवाजासकट. ऑक्सिजनच्या नळीतून दिगू इतका हसला की नर्स पळत आली. "रिंग राहिली ना?" त्याने विचारलं. "राहिली, बाबा. दे सेड कॅन स्टे." तो डोळे मिटून म्हणाला, "झेलायला कोण होतं?" रेवा म्हणाली, "मी." "सुटला?" "एकदा. पायावर घेतला." "पायावर चालतो," म्हणाला. त्याच आठवड्यात तो गेला.

परवा संध्याकाळी वहिनींना भेटून खाली उतरलो. पोरं खेळत होती. दिगू नाही म्हणून कुणी टप्पा सुरू केला नव्हता. रेवाला काही काम होतं वाटतं, रिंगखाली जागा मोकळी होती. एका उंच मुलीने मला पाहिलं आणि तोंडातून शब्द न काढता बोटाने दाखवलं, तिथे. मी तोंड उघडलं, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला! मी गेलो. पहिला चेंडू हातात मावला नाही, पोटावर अडवला. तो इतका जड असतो हे इतक्या वर्षांत दिगूने मला कधी सांगितलं नव्हतं. मी तो परत दिला. ती पुन्हा नेम धरत होती. मी पाय रोवले आणि हात वर केले.