उजव्या हाताने डावा कान

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी चंद्राची छाती तपासून नळी कानातून काढली आणि मला बाहेर बोलावलं. "मायट्रल स्टेनोसिस," ते म्हणाले. म्हणजे काय, मी विचारलं. मग त्यांनी समजावलं, "हृदयात रक्त पुढे सोडणारी एक झडप असते. लहानपणी हिचे सांधे धरून ताप आला होता ना? त्या तापाने झडप आखडली. रक्ताला वाट पुरत नाही, म्हणून दम लागतो, पाय सुजतात. यावर इलाज नाही. विश्रांती द्या, मीठ बंद करा. वर्ष जाईल, फार तर दोन."

माझी बायको सव्वीस वर्षांची होती. ज्यांच्या घरात असं दुखणं आणि लहान पोर एकाच वेळी आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. दुखण्याचं डॉक्टर सांगतील. मी माझी चूक सांगतो.

जर्मनीच्या लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची. तासगावापर्यंत ती चार वेळा थांबली. चंद्रा म्हणाली, "हिलाबी माझ्यावानीच दम लागतुया." सगळी मोटार हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

वर्षाचं मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. घरी आल्या आल्या म्हणाली, "आवं, सदाला औंदा शाळंत घालायचा. पाटी घिऊन जाताना मला बघायचाय." सदा आमचा एकुलता एक, सहाव्यात होता.

घरात आम्ही तिघंच. मला हळदीच्या रानात जावंच लागे. निघताना मी रोज सदाला बजावायचो, "आईजवळनं हलायचं न्हाई. तू जवळ हाईस म्हणून ती हाय." जबाबदारी टाकली की पोर शहाणं होतं, असं मला वाटायचं. आणि तो झालाही शहाणा. खेळायला जाईना. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, तिच्याबरोबर अळणी आमटी खायचा. मी मूर्खासारखा चार लोकांत त्याचं कौतुक सांगत फिरायचो.

जूनमध्ये त्याला शाळेत नेलं. जन्मतारखा कुणाच्याच घरी लिहिलेल्या नसत. गुरुजी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाती आला की पोर शाळेच्या वयाचं. सदाचा हात कानाच्या दोन बोटं वर थांबला.

"लहान आहे अजून. पुढच्या वर्षी आणा," गुरुजी म्हणाले.

हे ऐकून चंद्रा भिंतीकडे तोंड करून रडली. पुढचं वर्ष तिच्याजवळ होतं कुठे?

तिसऱ्या दिवशी सदा ओट्यावर बसला होता. कुणी बघत नाही असं पाहून त्याने हात डोक्यावरून नेला. कान अगदी आरामात धरला, आणि पटकन सोडला. चंद्राने आतून पाहिलं आणि त्याला जवळ ओढलं. "मग तवा का न्हाई धरलास रं?"

"म्या शाळंत गेलो तर तू ऱ्हाशील का?"

"मी कुटं जाती? जा तू खुशाल," ती म्हणाली.

मी दारातच उभा होतो. माझं रोजचं बोलणं खोटं आहे, हे त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी हसलो आणि त्याला हाताला धरून शाळेत घेऊन गेलो. या खेपेला त्याने कान धरला. "तीन दिवसांत वाढलास की रे!" गुरुजी म्हणाले.

सतरा दिवस चंद्रा उंबऱ्यात बसून त्याला पाटी घेऊन जाताना बघत होती. अठराव्या दिवशी तो वळणाआड गेला आणि तिचा श्वास चढला. शेजारणीने हाक मारली, मी रानातून पळत आलो, तोवर सगळं संपलं होतं.

सदाला शाळेतून मीच आणला. तो रडला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "म्या कान धराया नको हुता."

दिवसकार्य झाल्यावर मी त्याला डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. "तू घरात असतास तरी ती गेलीच असती, लेकरा. मीच खोटं बोललो हुतो." तो "व्हय, आबा" म्हणाला. पुढेही मी जेव्हा जेव्हा सांगितलं, तो "व्हय, आबा"च म्हणाला.

आता तो चौथीत आहे. मागच्या महिन्यात मला ताप आला. सकाळी डोळे उघडले तर हा दप्तर बाजूला ठेवून माझ्या उशाशी बसलेला. भरलेला तांब्या शेजारी.

"शाळा?"

"आज न्हाई जात."

मी उठलो. अंगावर घोंगडं घेतलं, त्याचं मनगट धरलं आणि लटपटत त्याला शाळेच्या दारापर्यंत सोडून आलो. मग दिवसभर एकच धास्ती घेऊन पडून राहिलो, की हा येईपर्यंत मला काही होऊ नये.

शाळा सुटायच्या वेळेला मी उंबऱ्यात येऊन बसलो. तो वळणापासून धावतच आला. मला बघितलं, दप्तर तिथेच टाकलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडला.