बादशहाचं खरं नाव

चष्मेवाल्यांना आयुष्यात कोणालाही नाही म्हणता आलं नाही, आणि त्यांच्या सासूबाईंना कशालाही हो म्हणता आलं नाही. ही दोन माणसं कित्येक वर्षं एका छपराखाली राहत होती, तरी घर शाबूत होतं. त्याचं श्रेय मधल्या बाईला, म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोला द्यायला हवं.

खाली दुकान, वर घर. दुकानात भिंतभर फ्रेमा टांगलेल्या, कोपऱ्यात डोळे तपासायची उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता. चष्मेवाले गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायचे, तिच्यात एकेक काच सरकवायचे आणि मऊ आवाजात विचारायचे, "हे बरं, की आधीचं बरं?" घाई नाही, वैताग नाही. एका वेळी एकच काच बदलायची, हा त्यांचा नेम होता.

बादशहा घरात आला तोही त्यांच्या भिडस्तपणामुळेच. एका गिऱ्हाइकाने खोक्यातून पिल्लू आणलं, "संध्याकाळपर्यंत ठेवा, येतोच" म्हणाला, आणि नवा चष्मा लावून जो गेला तो गेलाच. चष्म्याचा नंबर बरोबर लागला असावा, कारण पुढे दुकानाची पाटी लांबूनच वाचून तो दुसऱ्या गल्लीने जायचा.

पिल्लू वर नेलं तेव्हा सासूबाई खिडकीशेजारच्या आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "नको."

चष्मेवाल्यांनी त्याचं नाव बादशहा ठेवलं. नाव मोठं, लक्षण खोटं. अंगाने तो वासराएवढा झाला, पण राजाचा रुबाब त्याच्यात औषधालाही नव्हता. जगातला प्रत्येक माणूस त्याला आपला वाटायचा. फिरायला निघालं की समोरून येणाऱ्या परक्या माणसाच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय आणि तोंडावर जीभ. माणसाला चष्मा असला तर तो आधी जमिनीवर. मग चष्मेवाले ओशाळून तो उचलायचे, खिशातला छोटा पेचकस काढून रस्त्यातच दांडी सरळ करून द्यायचे. "धंदा वाढवायची युक्ती झकास आहे हं," असं कोणी म्हटलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सल्ला द्यायला तर सगळी गल्ली टपलेली होती. बेकरीवाला म्हणाला, "उडी मारली की गुडघा वर करा." चष्मेवाल्यांनी गुडघा वर केला, बादशहाने तो चाटला. औषधांच्या दुकानातला म्हणाला, "पाठ फिरवा." पाठ फिरवली, तर दोन पाय खांद्यांवर आणि जीभ मानेवर. "ठणकावून सांगा त्याला," असं तर सगळेच म्हणायचे, आणि ते काम लोक आपणहून करतही होते. बादशहा दिसला की लांबूनच हात पसरून ओरडायचे, "नको, नको, नको." जितका मोठा ओरडा, तितकी उंच उडी. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

हे असंच चाललं असतं, पण सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर धरून चालतील, पण आता पुन्हा पडल्या तर उभ्या राहणं कठीण. बादशहाचा या पडण्याशी काडीचाही संबंध नव्हता, तो त्या वेळी दुकानात काउंटरखाली घोरत होता. पण पुढचं पडणं त्याच्याच नावावर लिहिलंय, अशी चष्मेवाल्यांच्या बायकोची खात्री पटली.

"अहो, आई वॉकर घेऊन दारातून आत येणार, आणि हा मिठी मारणार. मग काय करायचं आपण?"

उत्तर मेव्हण्याकडे होतं. त्याचं शहराबाहेर गोदाम होतं. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, भाऊजी," तो म्हणाला. "मी घेऊन जातो. राखणीला बांधून ठेवू."

राखणीला. चोर आला असता तर बादशहाने त्याला कोणता माल चांगला ते दाखवलं असतं. पण चष्मेवाल्यांना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पत्र्याची भिंत, खुंटा आणि साखळी एवढंच उभं राहिलं. दिवसभर लोकांचे डोळे तपासून ते वर यायचे तेव्हा बायको स्वयंपाकात असायची, सासूबाई खिडकीबाहेर बघत असायच्या, आणि एकटा बादशहा, सकाळपासून आपल्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता असं दाखवत अंगावर धावून यायचा. खरं तर तो दिवसभर पायाशीच असायचा आणि बरोबरच जिना चढायचा. तरी वर पोचल्यावर नव्याने स्वागत करायचाच. ते स्वागत उद्यापासून नसेल.

शेवटी बायकोने तोडगा काढला. आई घरी येईपर्यंत याच्या उड्या थांबल्या तर राहील, नाहीतर गोदाम. "चालेल ना?" तिने विचारलं. नाही म्हणायची सवयच नसल्यामुळे चष्मेवाले हो म्हणाले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बादशहा शिकत काहीच नव्हता आणि इस्पितळातून आईच्या प्रकृतीच्या बातम्या मात्र चांगल्या येत होत्या. आई सुधारतायत हे ऐकून आपल्याला वाईट वाटतं, याची चष्मेवाल्यांना मनातून फार लाज वाटायची.

अशात एका दुपारी निवृत्त मुख्याध्यापिका दुकानात आल्या. बाईंचे कपडे नेहमी पांढरेशुभ्र आणि कडक इस्त्रीचे. आदल्या दिवशी बादशहाने त्यांच्या चष्म्याची दांडी वाकवली होती. त्या खुर्चीवर बसून चष्मेवाल्यांना फैलावर घेत होत्या. शिस्त, जबाबदारी, नागरिकांची कर्तव्यं, सगळं झालं. आवाज चांगला वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. काउंटरखाली बादशहा गाढ झोपला होता, त्याचा कानसुद्धा हलला नाही.

तेवढ्यात चष्मेवाल्यांची बायको जिन्यावरून डोकावून म्हणाली, "बाई, चहा टाकू?"

"नको," बाई हळूच म्हणाल्या.

काउंटर हादरला. पुढच्या क्षणी पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर दोन पाय उमटले होते आणि बाईंचं तोंड ओलं झालं होतं.

चष्मेवाल्यांनी बादशहाला ओढून खाली घेतलं. बाई काय बोलत होत्या ते त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोक्यात त्यांचा धंदा जागा झाला होता. इतकं रागावल्या तेव्हा हा झोपलेला, आणि एवढ्याशा शब्दाला उठला. मध्ये बदललं काय? एकच काच.

बादशहा परत काउंटरखाली जाऊन आडवा होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "बादशहा." काही नाही. "बादशहा, बाहेर जायचं?" काही नाही. "ये, इकडे ये." एक डोळा किलकिला झाला आणि मिटला. मग त्यांनी अगदी कुजबुजत म्हटलं, "नको."

बादशहा उभा. शेपटीने काउंटर बडवतोय, तोंडभर आनंद.

बाई रागवायच्या विसरल्या. "तुम्ही याचं नाव काय ठेवलंय?"

"बादशहा."

"त्याला कोणी कळवलेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांची बायको जिन्याच्या पायरीवरच बसली. तिला आता सगळं एकेक करून आठवायला लागलं. पिल्लू होतं तेव्हा ते दिवसभर वरच असायचं, आणि त्याच्याशी बोलायचं कोण, तर आई. सोफ्यावर नको, पायात नको, चपलेला नको. आणि जेवताना? आई ताट बाजूला सारून म्हणायची, "मला हे नको," आणि तिचा हात टेबलाखाली जायचा. "मला वाटायचं आई हात पुसतेय," बायको म्हणाली. "आई याला घास देत होती."

म्हणजे बादशहाच्या मते त्याचं नावच 'नको' होतं, आणि ते नाव उच्चारलं की काहीतरी चांगलं मिळतं, हा त्याचा जन्मापासूनचा अनुभव होता. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, याला शब्दाची मेजवानी होती. आणि अख्खी गल्ली हात पसरून, जीव तोडून त्याला नावाने हाक मारत होती. तो तरी बिचारा किती जणांना नाराज करणार?

"आता उद्यापासून कोणी त्याला नको म्हणायचं नाही," बायको म्हणाली.

"घाबरलेला माणूस दुसरं काय म्हणणार?" बाई म्हणाल्या. "शब्द राहू द्या. अर्थ बदला."

चष्मेवाल्यांनी अंडी उकडली. नको म्हणायचं आणि अंड्याचा तुकडा बादशहाच्या नाकावर धरायचा. बूड जमिनीला टेकलं तर तुकडा त्याचा. पुढचे पाय उचलले तर तुकडा चष्मेवाल्यांच्या तोंडात. सुरुवातीला चष्मेवाल्यांनीच इतकी अंडी खाल्ली की त्यांना अंड्याचा वास नकोसा झाला. पण बादशहा मूर्ख नव्हता, फक्त चुकीचं शिकलेला होता. आधी दुकानात जमलं, मग जिन्यात, मग दारात. एका वेळी एकच काच.

खरी पंचाईत रस्त्यावर आली. अनोळखी माणसं तर हवीत, आणि त्यांनी नको म्हणायला हवं. पण आता पट्टा आखूड धरल्यामुळे लोक घाबरून ओरडत नव्हते, म्हणून चष्मेवाले लांबूनच विनवायचे, "जरा याला नको म्हणता का?"

"का हो? चांगला दिसतोय की," एक बाई म्हणाली.

एका म्हाताऱ्याने बादशहाला नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. "विकताय होय?" त्याने विचारलं. "फुकट दिलात तरी नको." बादशहा खटकन बसला. म्हाताऱ्याला वाटलं, बिचाऱ्याच्या मनाला लागलं, आणि तो त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसला. मुख्याध्यापिका बाई मुद्दाम पांढरे कपडे घालून परीक्षेला आल्या. नको म्हणाल्या. बादशहा बसला, मागचा भाग नुसता थरथरत होता, पण जमीन सोडली नाही. "पास," बाई म्हणाल्या, "पण काठावर."

आणि सासूबाई घरी आल्या. मेव्हण्याने गाडीतून आणलं. डिकीत वॉकरशेजारी नवी कोरी साखळी होती. चष्मेवाल्यांनी ती पाहिली. त्यांनी वर जाऊन बादशहाला दाराच्या आत उभं केलं. पट्टा हातात धरला, पण बायकोने नजरेनेच तो सोडायला लावला. ठरल्याप्रमाणे.

मेव्हण्याने आईला उचलून जिना चढवला आणि दाराबाहेर वॉकर वाजायला लागला. टक, थांबा, टक. बादशहाचं सगळं अंग ताणलं गेलं. सासूबाई दारात आल्या, आधीपेक्षा लहान दिसत होत्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, "नको."

बादशहा बसला.

सासूबाई आत आल्या, त्याच्या शेजारून गेल्या, खुर्चीत टेकल्या. तो जागचा हलला नाही. मेव्हणा आळीपाळीने कुत्र्याकडे आणि भाऊजींकडे बघत राहिला.

"याला काय झालंय?" सासूबाईंनी विचारलं. "आजारी आहे का?"

"शिकवलंय त्याला आई. आता तुमच्या अंगावर येणार नाही."

सासूबाईंनी बादशहाकडे पाहिलं. "असं परक्यासारखं लांब बसणं नको," त्या म्हणाल्या. बादशहा आणखी ताठ बसला. "नको रे असं करूस." त्याने बूड जमिनीला घट्ट लावलं. सासूबाईंचा आवाज चिरकला. "तिकडे पडल्या पडल्या मला रोज वाटायचं, घरी गेले की हा धावत येईल. कोणी सांगितलं होतं तुम्हाला शिकवायला?"

चष्मेवाले त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवे बसले. गिऱ्हाइकाला विचारावं तसं मऊ आवाजात म्हणाले, "आई, शब्द बदलून बघा. ये म्हणा."

इतक्या वर्षांत त्यांनी हा शब्द जावयाला म्हटला नव्हता, लेकीला म्हटला नव्हता, कोणालाच म्हटलेला कोणी ऐकला नव्हता. त्यांनी ओठ हलवून पाहिले. मग हात पुढे केला.

"ये," त्या म्हणाल्या.

बादशहाला हा शब्द नीट येत नव्हता, पण हात ओळखीचा होता. तो उठला, हळूहळू चालत गेला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून उभा राहिला. सासूबाईंनी त्याचे दोन्ही कान मुठीत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. चष्मेवाले डोळे पुसायला चष्मा काढू लागले, तर बायकोने तो आधीच काढून घेऊन पदराने पुसायला घेतला होता.

मेव्हण्याने खाकरून घेतलं. "आई, ती साखळी गाडीत आहे. ठेवू का इथे? कधी लागली तर."

"नको," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या मांडीवरून डोकं उचलून बादशहा खाली बसला.