चिखल न पाहिलेली जीप

“मी म्हणते, पूर्वजांना नमस्कार करायला माणूस जातो की गाडी?”

“दोघं जातात. सरक बाजूला, दिव्यावर तुझी सावली पडतेय.”

“सावलीनं काच झिजते का आता?”

“बोटं लावलीस! देच्चम्मा, आत्ता पुसली होती मी ती!”

“लावली. ही बघा, दुसऱ्या हाताचीपण लावते.”

माचय्यानं खांद्यावरचं फडकं काढून हेडलाइट पुन्हा पुसला. बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. देच्चम्मा शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे चुलीवर डुकराचं मटण रटरटत होतं, आणि तिचं तोंडही त्याच आचेवर होतं.

“आज कैलपोळ्द आहे, हत्यारांच्या पूजेचा सण. अख्खा ओक्का, सगळी भावकी जमणार. घराघरातली हत्यारं दिव्यापुढे लागणार. आणि तुमच्या घराण्याचा दंडक तुम्हाला मी सांगायला हवा का? दिव्यापुढे फूल लागलं, की ती वस्तू ओक्काची.”

“दंडक हत्यारांना आहे. गाडी हत्यार आहे का?”

“वर्षभर बाजारात कोण सांगत फिरतं, ‘ही जीप नाही, हत्यार आहे हत्यार’ म्हणून? मी?”

“बोलायची एक पद्धत असते.”

“मग आज तोंड शिवून जा.”

“मी ती नुसती अंगणात उभी करणार आहे. कडेला. लोकांनी बघायला नको?”

इथं खरी गोम होती. लोकांनी बघायला हवं होतं.

आमच्या कोडगूत, म्हणजे कुर्गात, दर दुसरा माणूस फौजेतून आलेला असतो, त्यामुळे मिशीवरून हुद्दा ओळखता येत नाही. माचय्या फौजेत हवालदार होता, तोही भांडारात. सुट्या भागांचे नंबर त्याला पोरांच्या नावांसारखे पाठ, पण ते भाग बसवून गाडी पळवायचं काम इतरांचं. निवृत्त होऊन बस स्टँडवर उतरला तेव्हा कुणीतरी चुकून “या मेजर” म्हणालं. माचय्यानं ती चूक दुरुस्त केली नाही. पुढे जीपचा एकेक गंजलेला नट दुरुस्त करण्यात त्यानं उमर घालवली, पण ही एवढी चूक तेवढी राहून गेली.

जीप त्याच्या बापाची. फौजेनं लिलावात काढलेली, बापानं आणून मरेपर्यंत वापरलेली. बाप गेला आणि जीप फणसाखाली गेली. छप्पर गेलं, चाकं गेली, ड्रायव्हरच्या जागेवर एक कोंबडी बसायला लागली. त्या भंगारावर ओक्कातल्या कुणीच हक्क सांगितला नाही, तेव्हा ती आपोआप माचय्याची झाली. कोंबडी हुसकली हे आपलं पहिलं रिपेअरकाम, असं तो अभिमानानं सांगतो.

“कोंबडी निदान अंडी देत होती,” देच्चम्मा पुस्ती जोडते.

जीप ढकलत आणली ती कॉफीच्या शेडमध्ये. तिथं पोती असायची, ती घरात आली. घरात पलंग होता, तो व्हरांड्यात गेला. रंगाचा फवारा मारायला मोटर हवी म्हणून कॉफीची फळं सोलायच्या यंत्राची मोटर निघाली, ती परत गेली नाही. तेव्हापासून देच्चम्मा आपली फळं सोलायला बिद्दप्पाच्या दारी नेते. बिद्दप्पा हा माचय्याचा चुलतभाऊ. दर हंगामाला तो तेच विचारतो, “काय वहिनी, मेजरसाहेबांची मोहीम कुठवर आली?”

पहिली काही वर्षं माचय्या अस्सलपणाचा भक्त होता. जीप जशी कारखान्यातून निघाली तशीच व्हायला हवी. हिरवा रंग हवा, तोही तोच हिरवा. त्या रंगाच्या शोधात भिंतीवर इतके पट्टे मारले की शेड आतून पालेभाजीच्या दुकानासारखी दिसायला लागली. एका स्क्रूच्या डोक्यावरची चीर उभी हवी की आडवी, यावर दिल्लीच्या भंगारवाल्याशी त्याचं फोनवर भांडण झालं. पत्रा ठोकून सरळ केला, स्प्रिंगचे पाटे बदलले, इंजिन उतरवून, उघडून, धुऊन पुन्हा चढवलं. आणि हे मात्र कबूल करायला हवं, की इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. त्या दिवशी माचय्या शेडमध्ये एकटाच रडला. देच्चम्मानं खिडकीतून पाहिलं आणि चहा ठेवून गेली.

पण मग पावसाळ्यातल्या जीपशर्यती आल्या. कॉफीच्या मळ्यांतून तरणी पोरं जीपा घालतात, चिखलात अडकतात, आरडाओरडा करत निघतात. ते बघून माचय्यानं धर्म बदलला. अस्सलपणा गेला खड्ड्यात. पोटरीएवढ्या नक्षीचे टायर आले, त्यांच्यासाठी जीप उंच झाली. पुढे तारेची चरखी बसली, दुसऱ्याची गाडी ओढून काढायला. गाडी उलटली तर डोकं फुटू नये म्हणून लोखंडी पिंजरा आला. बॉनेटवरून पाणी गेलं तरी इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून हवेची नळी पार टपापर्यंत चढवली. आमच्या ओढ्याला भर आषाढात गुडघाभर पाणी असतं.

एवढं सगळं चिखलासाठी. आणि चिखल? चिखल लागू नये म्हणून माचय्या शेडपुढे फरश्या घालून बसला.

“फोर-व्हील टाकून बघितलंत का हो कधी?” बिद्दप्पा विचारायचा.

“यंत्राला विनाकारण त्रास देऊ नये,” मेजर सांगायचे.

देच्चम्माला त्या जीपमध्ये बसायची परवानगी नव्हती. तिच्या बुटांना मळ्याची माती असायची. वरच्या मळ्यातली मिरी खाली आणायला साधा पिकअप चढत नाही, तिथं जीपच लागते. ती दरवर्षी भाड्याची जीप आणायची, स्वतः चालवायची, आणि उतरताना आपल्याच शेडसमोरून, आत दिवे लावून उभ्या केलेल्या आपल्याच जीपकडे बघत जायची. ती गाडी चालवायला बापाकडून शिकली होती, लग्नाच्या आधी, परकरात. उतारावर तिचं ब्रेकवर पाय न ठेवता उतरणं बघून भाड्याचा ड्रायव्हरही बिडी विझवून बसायचा.

तर असा हा माचय्या त्या सकाळी बायकोचं न ऐकता निघाला.

ऐनमने, म्हणजे ओक्काचं मूळ घर, शेतापलीकडेच. देच्चम्मा मटणाचं पातेलं डोक्यावर घेऊन बांधावरून चालत निघाली. माचय्या जीप घेऊन रस्त्यानं निघाला. खड्डा आला की थांबायचा, उतरायचा, खड्ड्याची खोली बघायचा, पुन्हा बसायचा. एका डबक्याला त्यानं इतका वळसा घातला की गाडी उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मागून सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. हा अंगणात पोचला तेव्हा देच्चम्माचं पातेलं उतरलं होतं, हात धुऊन झाले होते, आणि ती बायकांत बसून कडंबुट्टूचे, तांदळाच्या कण्यांचे, गोळे वळत होती.

“अरे वा, मेजर! वाट चुकलात काय?” बिद्दप्पानं दारातूनच हाक मारली.

पण जीप बघायला सगळे बाहेर आले, हे खरं. पोरं पिंजऱ्याला लोंबकळली. म्हाताऱ्यांनी टायरला लाथा मारून बघितल्या. माचय्या चरखीचा खटका दाखवत होता, नळीचा उपयोग सांगत होता, आणि तोंड शिवायचं राहून गेलं होतं.

“गाडी नाही ही,” तो म्हणाला. “हत्यार आहे.”

ओक्काचे कारभारी नंजप्पा व्हरांड्यात बसले होते. माचय्याच्या बापाचे थोरले भाऊ, म्हणून सगळे त्यांना बल्यप्पा म्हणतात. त्यांनी कानामागे हात नेला.

“काय आहे म्हणालास?”

“हत्यार, बल्यप्पा!” माचय्या मोठ्यानं म्हणाला.

“असं होय,” बल्यप्पा म्हणाले आणि पान लावायला लागले.

आत दिव्यापुढे हत्यारं मांडली होती. या घराण्याची मांडणी बघण्यासारखी असते. कुण्या आजोबानं एकदा नवीकोरी दुनळी बंदूक मिरवायला आणली, फूल लावलं, आणि ती ओक्काची झाली; तिच्या पाळ्या लागल्या, तिनं कुणाकुणाची डुकरं मारली आणि अखेर एका जावयाकडे राहिली. तेव्हापासून जो तो चांगली बंदूक घरी ठेवतो आणि पूजेला मोडका कोयता आणतो. पूर्वजांना वाटत असेल, आपला वंश भंगाराच्या धंद्यात गेला.

सगळे आत प्रार्थनेला उभे राहिले. माचय्या दाराशी होता. प्रत्येक मोडक्या कोयत्याला, चाप तुटलेल्या बंदुकीला तोक्-पू खोचलं जात होतं. बंदुकीचं फूल. तुमच्याकडे त्याला कळलावी म्हणतात आणि घरात आणत नाहीत. लाल-पिवळं, ज्वाळेसारखं. माचय्यानं अंगणाकडे पाहिलं. सगळ्या मोडक्या गंजक्या लोखंडाला फूल, आणि जिच्यासाठी हाडं झिजवली ती बोडकी उभी. त्याला ते बघवेना. परडीतलं एक फूल त्यानं उचललं, पायऱ्या उतरला, आणि दिव्याच्या थेट समोर उभ्या जीपच्या चरखीच्या आकड्यात खोचलं. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. काय दिसत होती!

व्हरांड्याच्या कोपऱ्यात देच्चम्मा मटण काढून घेतलेलं पातेलं पुसत होती. तिनं पाहिलं. माचय्यानं तिला डोळा मारला.

जेवणं झाली. मटण संपलं, घरची दारू संपत आली, पुरुष नारळावर नेम धरायला माळावर निघाले. तेव्हा बल्यप्पा उठले नाहीत.

“बसा जरा,” ते म्हणाले. “जीपच्या पाळ्या लावून घेऊ.”

“कुठल्या जीपच्या?” माचय्यानं विचारलं.

“दिव्यापुढे फूल लावून उभी आहे तिच्या. बिद्दप्पा, तुला आधी कशाला हवी?”

“शेणखत न्यायचंय, बल्यप्पा,” बिद्दप्पा हात जोडून म्हणाला. “आणि डुकराची पिल्लं आणायचीत. मागची जागा ऐसपैस आहे.”

“पिल्लं? त्यात?” माचय्याचा आवाज चिरकला. “बल्यप्पा, ती माझी आहे! नट अन् नट मी बसवलाय!”

“मग दिव्यापुढे हत्यार म्हणून का आणलीस? मी पुन्हा विचारलं. तू दोनदा सांगितलंस.”

“पण फूल... फूल लागलं म्हणून काय? कुणी लावलं ते बघाल की नाही?”

हे मात्र बल्यप्पांना विचार करण्यासारखं वाटलं. दंडक म्हणतो, ओक्कातल्या लेकानं स्वतःच्या हातानं फूल लावलं तर ती वस्तू दिली. सून दुसऱ्या घरची. तिच्या हातचं फूल नुसतं शोभेचं.

“कुणी लावलं?” त्यांनी विचारलं. “आम्ही आत होतो. कुणी पाहिलं?”

पाहिलं होतं ते एकट्या देच्चम्मानं. माचय्या व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे धावला.

“देच्चम्मा,” तो कुजबुजला, “तू लावलंस म्हणून सांग. एवढं एक वाक्य.”

“आणि मग?”

“मग गाडी आपली.”

“आपली?”

“म्हणजे माझी. म्हणजे आपलीच की गं.”

“वरच्या मळ्यातली मिरी आणू मी तिच्यातून?”

माचय्यानं जीपच्या सीटकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरून स्पष्ट दिसत होतं की तो खरंच विचार करतोय. नवऱ्यांनी अशा वेळी खोटं बोलावं, एवढी साधी अक्कल त्याला नव्हती.

“अगं, सीटचं कातडं क्रीम रंगाचं आहे,” तो म्हणाला. “मिरीचा डाग जात नाही.”

“काय खुसपुसताय तिथं?” बल्यप्पांनी हाक मारली. “माचय्या, घाबरू नको, तुझ्या घरालाही पाळी मिळेल. आठवड्यातून एक दिवस. घरात ज्याला चालवता येते त्यानं चालवावी.”

“म्हणजे वहिनींनी,” बिद्दप्पा म्हणाला, आणि हशा पिकला.

हसला नाही तो फक्त माचय्या. त्याच्या कपाळावर घाम होता. मेजरची मिशी, फौजेचा कोट, कमरेला चांदीची कट्यार, आणि मधोमध एक माणूस, ज्याच्यापाशी जगात दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती उद्या शेणखत वाहणार होती. त्यानं बायकोकडे बघून हात जोडले. चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच.

“देच्चम्मा,” बल्यप्पा म्हणाले, “तू खोटं बोलत नाहीस हे गावाला ठाऊक आहे. तू सांगशील ते शेवटचं, आणि काही सांगितलं नाहीस तर गाडी ओक्काची. फूल तू लावलंस का?”

देच्चम्मानं जोडलेल्या हातांकडे पाहिलं. पातेल्याला झाकण घातलं. चुंबळ नीट केली, पातेलं डोक्यावर घेतलं.

“सांग ना गं,” माचय्या म्हणाला.

“देच्चम्मा, मी विचारतोय,” बल्यप्पा म्हणाले.

ती पायऱ्या उतरली, जीपला वळसा घालून अंगणाबाहेर पडली आणि बांधाच्या वाटेला लागली.