गाडग्यातला नाग

शिराळ्याच्या साळूबाईला जप कधी साधलाच नाही. माळ हातात घेतली की मन गोठ्यातल्या म्हशीकडं, नाहीतर चुलीवरच्या दुधाकडं धावायचं. "मन एका जाग्याला बांधाय शिका," मठातले बुवा दरवेळी सांगायचे.

चौऱ्याहत्तरच्या नागपंचमीआधी तिचा नवरा नाथाजी जिवंत नाग धरून आला. नागाचं गाडगं त्यानं आढ्याला टांगलं. साळूबाई जपाला बसली ती गाडग्यावर डोळे लावूनच. आत जरा सळसळलं की माळेवरचं बोट थांबायचं, पण मन तिथून तसूभर हललं नाही.

सण झाला. नाथाजीनं नाग शेताच्या बांधावर सोडला.

"आता बस की निवांत," म्हणत तो अनवाणीच त्या बांधाला वैरण कापायला गेला.

साळूबाईनं माळ घेतली, डोळे मिटले. मन एका जागी बसलं होतं, नाथाजीच्या पायांपाशी.