चाखण्याआधी चार घास

प्रेमिला पौनीकर सकाळपासून दुपारपर्यंत पंधरा-वीस वेळा रस्सा चाखायची आणि दर वेळी मोरीत थुंकून टाकायची. हे मला आधी ठाऊक असतं, तर तिचं दुखणं मी कितीतरी लवकर ओळखलं असतं. पण मी तिच्याकडून डबा घेणारी. डबा हातात पडला की दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावायचं काही कारण उरत नाही.

बेसा रोडवर तिचं सावजी, म्हणजे झणझणीत मटण-रश्श्याचं, भोजनालय आहे. समोर सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर, वर घर. नवरा रुपराव गल्ल्यावर बसतो, सासू रंभाबाई स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर, आणि शेगडीपुढे प्रेमिला. वय बेचाळीस. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी फोडणी धड येत नव्हती, असं रंभाबाई कुणालाही सांगतात आणि प्रेमिलाही हसून मान डोलावते. आज ती शेगडीकडे पाठ करून कांदा चिरत असते आणि रश्श्यावर तेलाची तर्री सुटायला आली हे नुसत्या वासावरून सांगते. मनीषनगरातून, पार कन्हानहून लोक येतात ते तिच्या हातासाठी. बोर्डावर नाव मात्र सासऱ्यांचं.

मार्चमध्ये एकदा डबा द्यायला ती स्वतःच आली. चेहरा उतरलेला. न विचारता खुर्चीत बसली आणि बरगड्यांच्या खाली, मधोमध मूठ दाबून धरली.

"मॅडम, तुमी कॉलेजात पोटाचं शिकवत होत्या ना?"

"बेडकाच्या पोटाचं. चौतीस वर्षं. बोल, काय झालं?"

"मंग माह्यं बेडकाचंच समजा."

सहा महिन्यांपासून पोटात आग होती. जवळच्या डॉक्टरांनी आम्ल कमी करायची गोळी दिली, तिखट बंद केलं. तीन महिन्यांत फरक नाही, तेव्हा म्हणाले, शेगडीपुढचं कामच सोडा. रुपरावने लगेच दुसरा स्वयंपाकी शोधायला सुरुवात केली.

"कन्हानचा हाय एक जण. लग्नाचे स्वयंपाक करते. सोमवारी येऊन रस्सा करून दाखवणार हाय," प्रेमिला म्हणाली.

"आणि तू?"

"मले गल्ल्यावर बस म्हणतात. तिथं बसून काय करू मी? दुसऱ्याचा रस्सा लोकं खाऊन राहिले, ते पाहत बसू?"

रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तिखट खरंच सोडलंस का?" मी विचारलं.

"चार महिने झाले, एक घोट गिळला नाही. तळहातावर थेंब घेते, चाखते अन् थुंकते. तरी अकरा वाजले का आग सुरू. गिळतच नाही, तर ॲसिड काहून होते?"

मी तिला उठल्यापासूनचा सगळा दिवस सांगायला लावला. सहाला चहा. मग मसाला भाजणं, वाटणं, मटण चढवणं. नऊपासून चाखणं. आग झाली की खायचा सोडा पाण्यात, दोनदा, कधी तीनदा. जेवण दुपारी तीनला, आणि गोळी त्यानंतर, दुखलं म्हणून.

"चहानंतर तीनपर्यंत पोटात काहीच नाही?"

"कसं खाणार? आमच्यात चाखणारी बाई जेवत नाही. पहिलं ताट गिऱ्हाइकाले गेल्याबिना तोंडात घास टाकाचा नाही. आत्याबाई म्हणते, पोट भरलं का मीठ समजत नाही."

आत्याबाई म्हणजे सासू. मी कपाळाला हात लावला.

"ऐक," मी म्हटलं. "गिऱ्हाईक दारात दिसलं की तू काय करतेस? तो खुर्चीवर बसायच्या आधीच शेगडी मोठी करतेस. पोट तेच करतं. नाकाला वास आला, जिभेला चव लागली, की मेंदूकडून पोटात जाणारी नस निरोप देते, माल येतोय. आम्ल सुरू. पूर्ण जेवणाला जेवढं लागतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं तरी घास पोटात पडायच्या आधीच तयार होतं. तू घास गिळलास की थुंकलास, जिभेला काय कळणार?"

"म्हणजे गिऱ्हाईक आलं, शेगडी पेटवली, अन् वर ठेवलेल्या गंजात काहीच नाही."

"वीस वेळा. रोज."

ती हळूच म्हणाली, "सोडा घेतला का बरं वाटते पण."

"वाटतं. पण पोटाला स्वतःचा लगाम असतो. आम्ल पुरेसं वाढलं की पोटच आपली शेगडी बारीक करतं. तू सोडा ओतून आम्ल मारतेस, पोटाला वाटतं अजून कमीच आहे, लगाम सुटतो."

"मंग गोळी?"

"पोटाच्या अस्तरात आम्ल बाहेर फेकणारे बारीक पंप असतात. ते जेवणाने जागे होतात. गोळी जागा झालेला पंपच पकडते, झोपलेला नाही, आणि रक्तात ती टिकते तास-दोन तास. म्हणून जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. तू घेतेस तेव्हा पंप आपलं काम उरकून मोकळे झालेले असतात. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?"

"चिठ्ठीवर लिहलं असन. इंग्रजीत."

दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन दुर्बिणीची तपासणी करवली. मला वाटलं होतं माझं निदान आता अहवालात छापून येणार. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला जागेवर आणलं. पोटातून आतड्यात जाण्याच्या तोंडाशी छोटा व्रण होता, आणि तो केला होता एका जंतूने. तिखटाने नाही, चाखण्यानेही नाही. उपाशीपोटीचं आम्ल त्या व्रणावर रोज सांडत होतं, एवढाच माझा भाग बरोबर होता. जंतूसाठी चौदा दिवसांची औषधं मिळाली, गोळी जेवणाआधी, सोडा बंद, आणि इतका वेळ उपाशी राहायचं नाही. "काम सोडायची गरज नाही," हे मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं, रुपरावला ऐकू जावं म्हणून. तो दारात उभा होता.

मला वाटलं संपलं. पण घरी रंभाबाई होत्या.

"काम कर ना, कोन नाही म्हणते? पण जेवून चाखलेला रस्सा या दारातून बाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या. "माह्या सासूनं हेच केलं, मी हेच केलं."

"तुमचं पोट कसं होतं तेव्हा?" मी विचारलं.

"जळत होतं. बायांचं जळतेच."

माझी चौतीस वर्षं त्यांच्यापुढे चालली नाहीत. आणि खरं सांगायचं तर बाई अगदीच चुकीचं बोलत नव्हती. भुकेल्या माणसाची जीभ थोडी तल्लख असतेच. किती थोडी, एवढाच प्रश्न.

रुपराव दोन्हीकडे बघून म्हणाला, "माय, रविवारी जेवून करू दे तिले. चव बिघडली तर सोमवारी तो कन्हानवाला येऊनच राहिला."

म्हणजे तिची शेगडी आता एका रविवारवर अवलंबून होती. प्रेमिलाने फक्त रविवारचं मटण कोण आणणार ते विचारलं.

त्या रविवारी मी साडेनऊलाच जाऊन बसले. प्रेमिलाने गोळी घेतली होती. दहाला तिने वाटीभर दहीभात खाल्ला, चोरी केल्यासारखा, भिंतीकडे तोंड करून. साडेअकराला तळहातावर थेंब घेतला, चाखला, आणि या वेळी गिळला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

रंभाबाई सकाळपासून निरंकार होत्या, पाण्याचा घोटही न घेता, मुद्दाम. त्यांनी थेंब घेतला. डोळे मिटले. "बरोबर हाय. पाहा गा रुपराव. म्हटलं होतं ना मी?"

प्रेमिलाचा हात मिठाच्या डब्यावर होता, तो तिने मागे घेतला. सासूचं ऐकायची वीस वर्षांची सवय. रुपरावने तसंच ताट वाढून बाहेर नेलं.

पहिलं ताट ओमप्रकाशजींचं. कोळसाखाणीतून निवृत्त झालेला माणूस, बारा वर्षं दर रविवारी त्याच कोपऱ्यात. स्वयंपाकघराच्या दारातून आम्ही चौघं बघत होतो. त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवला, खाल्ला, थोडे थांबले. मग वर न बघता हात लांब करून शेजारच्या टेबलावरची मिठाची वाटी पुढ्यात ओढली.

रंभाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. वय झालं की जीभ कशी बोथट होते हे मला माझ्या जिभेवरून माहीत आहे, पण त्या क्षणी मी ते सांगितलं नाही. त्या बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिल्या.

"टाक मंग," शेवटी म्हणाल्या. "उभी काय राहिली वं?"

प्रेमिलाने पाऊण मूठ मीठ टाकलं, ढवळलं. पुन्हा चाखायला रंभाबाईंनी हात पुढे केला नाही. सोमवारी सकाळी रुपरावने कन्हानला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

दोन महिन्यांत व्रण भरला. आता तिची मूठ पोटावर जात नाही, आणि तिखट ती बेतानं का होईना, खाते.

गेल्या आठवड्यात डबा घ्यायला मीच गेले. मदतीला सिंधूताई नावाची नवी बाई लागली आहे. दहा वाजले होते. तिने रश्शात डाव घातला, तळहात पुढे केला, तोच स्टुलावरून आवाज आला.

"काही खाल्लं का वं सकाळपासून?"

"नाही आजी."

"मंग ठेव तो डाव. चार घास खाऊन ये. आमच्यात उपाशी बाई रस्सा चाखत नाही. माह्या सासूपासून हेच हाय."

मी तोंड उघडलं. प्रेमिलाने माझ्या हातात डबा दिला आणि मला दारापर्यंत पोचवायला आली.