कोकम सरबत आणि गॅलरीतला वर्ग
कोकम भिजत घातलं की मस्कतमधल्या दार्सैतच्या घराची ती तापलेली गॅलरी आठवते. मोलॅरिटी आणि मोलॅलिटीनं मी रडकुंडीला आले होते. मस्कतला येण्याआधी रत्नागिरीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या आईनं फ्रिजमधलं गार सरबत काचेच्या बाटलीत काठोकाठ भरलं आणि उन्हात ठेवलं. समोरचे डोंगर धुरकट झाले होते, देवळातली घंटा लांबून ऐकू येत होती. हळूहळू बाटलीवरून लाल ओघळ उतरला. “सरबत फुगलं, म्हणून लिटरमागे साखर कमी झाली, मोलॅरिटी उतरली. किलोभर पाण्यामागे मात्र साखर तेवढीच, म्हणून मोलॅलिटी तीच.” मग डोंगरांकडे बघत तिनं विचारलं, “समजलं ना सगळ्यांना?” गॅलरीत मी एकटीच होते. मी मान हलवली. अजूनही हलवते, सरबत ढवळताना.